शब्द कानावर पडल्यावर

खामगावसारख्या गावात स्वमग्न मुलाच्या घरची काळजी सहसा कानापासून सुरू होते. दीड-दोन वर्षांचं लेकरू हाक मारली तरी मान वळवत नाही. आई स्वयंपाकघरातून चार-चारदा नाव घेते, काही उत्तर नाही. पण पलीकडच्या खोलीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरचुरला की तेच लेकरू धावत येतं. आजी म्हणते, "त्याचा बाप बी उशिराच बोलला व्हता, कायजी नोको करू." कुणी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगतं, कुणी सैलानीच्या दर्ग्याला नेऊन आणायला. त्यात बरेच महिने निघून जातात आणि मग कुणीतरी सुचवतं, आधी कान तपासून घ्या. अकोला पन्नासेक किलोमीटरवर. तिथे बाळाला झोपेचं औषध पाजून 'बेरा' करतात: कपाळावर आणि कानांमागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवायचे, कानात बारीक टकटक सोडायची आणि पडद्यावर उमटणाऱ्या लाटा बघायच्या. रिपोर्ट येतो, दोन्ही कान चांगले. आईचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग हा ऐकत का नाही?

हा प्रश्न ऐंशी वर्षांहून जुना आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची हकिगत लिहिली आणि स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात नाव मिळालं. त्या अकरांतल्या कित्येक मुलांना आधी बहिरं समजलं गेलं होतं. तेव्हा मेंदूत डोकावण्याची सोय नव्हती. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्येच माणसाच्या डोक्यावरून विजेच्या लहरी नोंदवल्या होत्या, पण एखादा शब्द ऐकल्यावर त्या लहरींत नेमका काय फरक पडतो, हे ओळखता यायला आणखी बरीच वर्षं जावी लागली. आज या विषयावरचे शेकडो निबंध उपलब्ध आहेत. त्यांचे निष्कर्ष एका सुरात बोलत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचं न जुळणं हीच त्यांतली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. ती खामगावच्या आईपर्यंत पोचायला हवी, कारण तिच्या लेकराशी उद्यापासून कसं वागायचं, याच्याशी या माहितीचा थेट संबंध आहे.

आधी 'बेरा' काय मोजते ते पाहू. आवाज कानात शिरल्यापासून पहिल्या दहा मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात, तो श्रवणाच्या नसेतून मेंदूच्या देठापर्यंत जातो. 'बेरा' तेवढाच टप्पा तपासते. तो आवाज माणसाचा आहे की मिक्सरचा, ओळखीचा की परका, त्याला काही अर्थ आहे की नाही, हे सगळं त्यानंतर ठरतं. साधारण शंभर मिलिसेकंदांनी मेंदूच्या श्रवणपटलावर एक ठळक लहर उठते. एकसारख्या आवाजांच्या रांगेत मध्येच वेगळा आवाज आला तर दीडशे ते अडीचशे मिलिसेकंदांच्या दरम्यान मेंदू 'हे वेगळं आहे' अशी नोंद घेतो, लक्ष दुसरीकडे असलं तरीही. फिनलंडच्या रिस्तो न्याटानेन यांनी १९७८ साली ही नोंद प्रथम दाखवली. आणि चारशे मिलिसेकंदांच्या आसपास अर्थाचा टप्पा येतो. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये लोकांना असं एक वाक्य वाचायला दिलं की ज्यात पावावर लोण्याऐवजी पायमोजे लावले होते. त्या विचित्र शब्दावर मेंदूची लहर ऋण बाजूला झुकली. तिला 'एन-चारशे' म्हणतात. चित्र केळ्याचं आणि कानावर शब्द 'चप्पल', असं केलं तरी ती उठते. चित्र आणि शब्द जुळत नाहीत हे मेंदूला कळलं, म्हणजे त्याला शब्द कळला, एवढा साधा हिशेब.

यात एक मोठी अडचण आहे. डोक्यावरून मिळणारा हा संदेश काही मायक्रोव्होल्टचा असतो आणि मेंदूत सतत चाललेल्या इतर गडबडीत तो पार बुडून जातो. बाजार समितीत कापसाच्या लिलावाच्या गलक्यात एका माणसाचं बोलणं ऐकू यावं म्हणून त्याने तेच वाक्य पन्नास-शंभर वेळा म्हणावं आणि आपण सगळ्याची सरासरी काढावी, तसं करावं लागतं. म्हणजे मुलाने डोक्यावर ओलसर टोपी सहन करत बराच वेळ फार हालचाल न करता बसायचं. डोक्याला हात लावू न देणाऱ्या, केस कापतानाही घर डोक्यावर घेणाऱ्या मुलाकडून हे कसं साधायचं? म्हणूनच अनेक वर्षं हे अभ्यास बोलणाऱ्या, बुद्धिमापन चाचणी देऊ शकणाऱ्या, थोड्या मोठ्या मुलांवर झाले. ज्यांच्याबद्दल आईबापांना सर्वांत जास्त जाणून घ्यायचं असतं, ती न बोलणारी मुलं बाहेरच राहिली. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं.

अगदी सुरुवातीच्या टप्प्यातही फरक असतो का? अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जन्मल्यावर झालेल्या श्रवण तपासणीच्या नोंदी नंतरच्या निदानांशी ताडून पाहिल्या गेल्या आणि तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळं होती सुमारे १ लाख ३९ हजार, पुढे स्वमग्नतेचं निदान झालेली त्यांत ३२१. या ३२१ बाळांच्या मेंदूच्या देठाचा प्रतिसाद सरासरीने किंचित संथ होता. फरक इतका बारीक की त्यावरून एकेका बाळाचं भाकीत करता येत नाही. पण घराघरांत चाललेल्या एका भांडणाला त्याचं उत्तर नक्की मिळतं. "तू त्याच्याशी बोलतच नव्हतीस", "मोबाईल हातात दिलास म्हणून असं झालं" ही वाक्यं कितीतरी सुनांनी ऐकली आहेत. जन्मानंतर काही दिवसांत, मोबाईल दिसण्याआधी घेतलेल्या नोंदीत जो फरक दिसतो, तो आईच्या वागण्याने कसा येईल? आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं, हे मत ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून जगभर पसरवलं. शास्त्राने ते केव्हाच टाकून दिलं, तरी आपल्या ओसरीवर ते अजून वेश बदलून फिरतं. तासन्‌तास पडदा बघणं कोणत्याही लहान मुलासाठी वाईटच, ते कमी करायलाच हवं. पण त्यासाठी आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं कारण नाही.

पुढचा टप्पा श्रवणपटलाचा. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या टिमथी रॉबर्ट्स यांच्या गटाने चुंबकीय नोंदी घेऊन २०१० मध्ये दाखवलं की शंभर मिलिसेकंदांची ती लहर स्वमग्न मुलांत सरासरी दहा-अकरा मिलिसेकंद उशिरा येते. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण 'पट' आणि 'फट' यांतला फरक मोजक्या मिलिसेकंदांच्या हवेच्या झोताचाच असतो; बोलण्याचा वेग पाहिला तर एवढीशी दिरंगाईही साचत जाते.

तरीही आवाज पोचत नाही, असं म्हणता येत नाही. फिनलंडमध्ये रिता चेपोनिएने आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये केलेला प्रयोग मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. चांगलं बोलणाऱ्या स्वमग्न मुलांना त्यांनी साधे सूर, मिश्र सूर आणि स्वर ऐकवले. आवाज ओळखण्याची, बदल टिपण्याची लहर तिन्ही बाबतींत जवळपास इतर मुलांसारखीच निघाली. फरक पडला तो त्यानंतर. सूर बदलला की लक्ष आपोआप तिकडे वळतं, याची खूण असलेली लहर उठली; पण स्वर बदलला, म्हणजे माणसाच्या बोलण्याचा आवाज बदलला, तेव्हा ती उठली नाही. बिस्किटाचा कागद आणि आईची हाक या दोन्हींतला फरक इथे जवळजवळ हुबेहूब सापडतो. कान दोन्ही आवाज घेतो. मेंदू दोन्हींची नोंदही करतो. ओढ एकाचीच वाटते.

मग बोलण्याचा आवाज हाताळण्याची ताकदच मेंदूत नसते का? ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू व्हाइटहाउस आणि इंग्लंडच्या डोरोथी बिशप यांनी २००८ मध्ये हाच प्रश्न विचारला: ही मुलं बोलण्याच्या आवाजाचं बटण बंद करतात का? एकच बोलका आवाज पुन:पुन्हा वाजत राहिला तेव्हा स्वमग्न मुलांचा प्रतिसाद फिका होता. पण सुरांच्या रांगेत तोच आवाज अचानक आला तेव्हा प्रतिसाद इतर मुलांसारखाच उठला. म्हणजे यंत्रणा शाबूत होती, चालू-बंद होण्याची तिची तऱ्हा वेगळी होती. स्पीच थेरपिस्ट सांगतात की एकच शब्द यंत्रासारखा घोकून घेऊ नका, खेळात, अवचित, हसतखेळत येऊ द्या. त्या सल्ल्याला या प्रयोगाने थोडाफार आधार मिळतो, असं मला वाटतं.

ओढीची बाजू दोन अभ्यासांनी अधिक उघडली. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल यांनी २००५ मध्ये लहानग्यांपुढे दोन आवाज ठेवले. एक, आई बाळाशी लाडाने, लांबवून, चढ-उतार करत बोलते तसं बोलणं. दुसरा, त्याच बोलण्यावरून संगणकाने बनवलेला, शब्द नसलेला शिट्टीसारखा आवाज. ज्या बाजूला मान वळवाल तो आवाज वाजेल. इतर मुलांपेक्षा स्वमग्न मुलांचा कल शिट्टीकडे जास्त होता. पण खरी गोष्ट पुढे आहे. त्याच मुलांच्या मेंदूने 'बा' आणि 'वा' यांतला फरक टिपला का, हे पाहिलं तेव्हा शिट्टी निवडणाऱ्यांत ती लहर दिसली नाही आणि आईचं बोलणं निवडणाऱ्या स्वमग्न मुलांत मात्र अगदी नेहमीसारखी दिसली. एकाच निदानाखाली दोन वेगळ्या तऱ्हा. २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या डॅनियल एब्रॅम्स आणि विनोद मेनन यांनी एमआरआयवरून दाखवलं की माणसाचा आवाज ओळखणारा मेंदूचा भाग आणि आनंद, बक्षीस यांची जाणीव देणारा भाग यांतला दुवा स्वमग्न मुलांत सैल असतो. जितका सैल, तितकी संवादाची अडचण जास्त. माणसाचा आवाज कानाला गोड लागणं ही आपण गृहीत धरतो ती गोष्ट. ज्याला ती गोडी लागत नाही तो शब्दांच्या मागे का धावेल? आणि रोज हजारो शब्दांकडे दुर्लक्ष होत गेलं तर मेंदूची भाषेची घडण वेगळीच होत जाणार. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे मात्र या अभ्यासांतून सुटं करता येत नाही.

आता खुद्द शब्दांकडे. इथे कूल, जेराल्डिन डॉसन आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास जरा सविस्तर सांगतो, कारण त्याने बरीच आशा आणि तितकाच गोंधळ निर्माण केला. दोन वर्षांची २४ स्वमग्न मुलं आणि तुलनेला २० इतर मुलं. सगळ्यांना तीन प्रकारचे आवाज ऐकवले: त्या वयात सहसा माहीत असणारे शब्द, अनोळखी शब्द, आणि माहितीचेच शब्द उलटे वाजवून. तुलनेच्या मुलांत ओळखीच्या आणि अनोळखी शब्दांतला फरक डोक्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर-मागे, एका ठरावीक जागी एकवटलेला दिसला. स्वमग्न मुलांची सरासरी काढली तर चित्र धूसर होतं. मग त्यांचे दोन गट केले. ज्यांची सामाजिक लक्षणं सौम्य, त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद इतर मुलांसारखाच डावीकडे एकवटलेला. ज्यांची लक्षणं तीव्र, त्यांचा उजव्या बाजूला, पसरट. या मुलांना चौथ्या आणि सहाव्या वर्षी पुन्हा तपासलं. दुसऱ्या वर्षीच्या त्या लहरीवरून पुढचं भाषेचं आकलन, बौद्धिक क्षमता आणि रोजच्या व्यवहारातली कुशलता यांचा अंदाज बांधता आला, आणि तो दुसऱ्या वर्षीच्या बौद्धिक चाचणीवरून येणाऱ्या अंदाजापेक्षा सरस होता. मधल्या काळात मुलांना उपचार मिळाले होते, तरीही हा संबंध टिकला.

सॅन डिएगोचे एरिक कूर्शेन आणि कॅरन पीअर्स यांनी टोपीची अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली. रात्री झोपेच्या वेळी मुलांना आणायचं, झोपली की हळूच एमआरआयमध्ये ठेवायचं आणि गोष्टी ऐकवायच्या. झोपेतही मेंदू बोलण्याला प्रतिसाद देतो. २०१२ च्या त्यांच्या निष्कर्षात स्वमग्न मुलांच्या डाव्या कानशिलाच्या भागाचा प्रतिसाद मंद होता. २०१५ मध्ये त्याच गटातल्या मायकेल लोम्बार्डो यांनी मुलं पुढे कशी बोलू लागली हे पाहून नोंदी पुन्हा वेगळ्या केल्या: ज्यांची भाषा पुढे फुलली त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद सुरुवातीपासून इतर मुलांसारखा होता, आणि ज्यांची खुंटली त्यांचा जवळपास नव्हता. आधीची 'मंद' सरासरी या दोघांच्या मिश्रणातून आलेली होती. कूल यांच्या प्रयोगशाळेत आणि इथेही तेच घडलं: सगळ्यांना एका पंक्तीत बसवलं की चित्र पुसट, वेगळं केलं की स्पष्ट.

राहिली ती मुलं, जी बोलतच नाहीत. शाळेच्या वयापर्यंत मोजक्या शब्दांपलीकडे न गेलेली अशी स्वमग्न मुलं साधारण चारांत एक ते तिनांत एक इतकी असतात. त्यांना किती कळतं, हे नेहमीच्या चाचण्या सांगू शकत नाहीत, कारण बोट दाखवा, उचलून द्या, उत्तर द्या असं सगळं त्या मागतात. 'एन-चारशे'ला असं कोणतंही उत्तर लागत नाही. अमेरिकेत रटगर्स विद्यापीठातल्या गटाने २०१६ मध्ये न बोलणाऱ्या मुलांना चित्र दाखवून जुळणारे-न जुळणारे शब्द ऐकवले. कॅलिफोर्नियात शार्लट डिस्टेफानो आणि शफाली जेस्ते यांनी २०१९ मध्ये बोलणाऱ्या, न बोलणाऱ्या आणि तुलनेच्या मुलांत तेच पाहिलं. न बोलणाऱ्या मुलांतही शब्द न जुळल्याची नोंद उमटली; तिची वेळ आणि डोक्यावरची जागा मात्र वेगळी. काहींत ठळक, काहींत फार पुसट.

याचा अर्थ काय घ्यायचा, इथे सांभाळून पावलं टाकायला हवीत. न बोलणारं प्रत्येक मूल आतून सगळं जाणतं, असं मला म्हणायचं नाही. त्या समजुतीने एकदा मोठा अनर्थ केला आहे: १९९० च्या दशकात मुलाचा हात धरून त्याच्याकडून टाइप करून घेण्याची पद्धत गाजली, आणि नियंत्रित चाचण्या झाल्या तेव्हा मजकूर हात धरणाऱ्याचाच निघाला. उलट बाजूची चूक मात्र आपल्याकडे रोज होते. मुलासमोर त्याच्याबद्दल बोललं जातं, "याला काही समजत नाही" असं पाहुण्यांना सांगितलं जातं, भावंडांना गोष्ट सांगताना त्याला वगळलं जातं. मेंदूच्या नोंदी एवढं नक्की सांगतात की तोंडातून शब्द न निघणं हा न कळण्याचा पुरावा धरता येत नाही. शंका असेल तर ती मुलाच्या पदरात टाकावी. हे मी भावनेपोटी म्हणत नाही. हाती असलेला पुरावा त्याच बाजूला झुकतो.

मग खामगावच्या आईने लेकराची अशी तपासणी करून घ्यावी का? नाही. हे सगळे अभ्यास गटांचे आहेत. एकेका मुलाच्या पातळीवर 'एन-चारशे'ची लहर किती बेभरवशाची असते, हे सिडनीच्या मॅक्वायरी विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये दाखवलं: स्वमग्न नसलेल्या, भाषा उत्तम येणाऱ्या मुलांपैकीही कित्येकांत ती खात्रीलायक सापडली नाही. ती न सापडणं म्हणजे न कळणं नव्हे. स्वमग्नतेचं निदान आजही मुलाला बघून, आईबापांशी बोलूनच होतं. रक्ताची, ईईजीची किंवा एमआरआयची कोणतीही तपासणी ते करत नाही. फिट्सची शंका असेल तर ईईजी जरूर काढावा, ते कारण वेगळं. पण 'ब्रेन मॅपिंग' करून स्वमग्नता किती टक्के आहे ते सांगतो असं कुणी म्हटलं तर पैसे जपून ठेवावेत आणि स्पीच थेरपीला लावावेत. मूलपेशींच्या इंजेक्शनांचंही तसंच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी हा उपचार शिफारसयोग्य नसल्याचं स्पष्ट केलं आहे. शेत विकून असे उपचार करू नयेत, हे ओरडून सांगावंसं वाटतं.

वेळ मात्र घालवू नये. वॉशिंग्टनच्याच ज्युली ऑस्टरलिंग आणि डॉसन यांनी १९९४ मध्ये पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती व्हिडिओ फिती पाहिल्या, तेव्हा पुढे निदान झालेल्या मुलांना हाकेला न वळणं, बोट न दाखवणं, चेहऱ्याकडे न बघणं यांवरून वेगळं काढता आलं. आपल्याकडे आता प्रत्येक घरात वाढदिवसाचा व्हिडिओ असतो. डॉक्टरकडे जाताना तो सोबत न्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. त्याच्या तीस आजारांच्या यादीत श्रवणदोष, भाषेचा विलंब आणि स्वमग्नता तिन्ही आहेत, आणि त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणं अपेक्षित आहे. पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. माझा आग्रह एका दुव्यासाठी आहे: 'बेरा' चांगली आली की "कान ठीक आहेत, घरी जा" इथे थांबू नये. हाकेला न वळणाऱ्या मुलाची चांगली 'बेरा' म्हणजे पुढच्या तपासणीची चिठ्ठी, हा नियमच व्हायला हवा. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये तयार केलेल्या भारतीय मोजपट्टीत चाळीस मुद्दे आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तर आणि पुढे गुण आले की स्वमग्नता धरतात. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आल्यापासून तिचं प्रमाणपत्र मिळतं. १९९५ च्या कायद्यात ती नव्हतीच.

आणि उपचार? गोव्याचं उदाहरण घ्या. 'संगाथ' संस्थेच्या गौरी दिवाण आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचे सहकारी यांनी २०१६ मध्ये दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण घेतलेले साधे आरोग्य कार्यकर्ते बारा बैठकींत आईबापांना शिकवत होते: मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढायचा, तो एकत्र बघायचा, मूल कशाकडे बघतंय ते ओळखायचं आणि त्याच गोष्टीवर थोडकं बोलायचं. आईबापांचं वागणं मुलाशी जुळू लागलं आणि मुलांनी स्वत:हून संवाद सुरू करणं वाढलं. एका मापात, एकत्र लक्ष देण्याच्या वेळेत, घटही दिसली. ती लपवून चालणार नाही. इंग्लंडमधल्या ज्या मूळ पद्धतीवरून हे बेतलं, तिचा २०१० चा निकाल जेमतेमच होता, पण सुमारे सहा वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा पाहिलं तेव्हा लक्षणं तुलनेने सौम्य आढळली. कूल यांच्या शिट्टीच्या प्रयोगाशी हे जोडून पाहा. मुलाला आपल्या आवाजाकडे ओढून आणण्याऐवजी आपला आवाज त्याच्या आवडीच्या वस्तूजवळ न्यायचा. मूल पंख्याकडे बघत असेल तर "पंखा. गरगर पंखा." एवढंच, आणि थांबायचं. उत्तराला वेळ द्यायचा. हे शिकायला मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. शिकवणारी माणसं तालुक्याला तयार करावी लागतील. जो बोलणार नाही त्याच्यासाठी मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचं ॲप मराठीतही आहे. चित्रांची सवय लागली की बोलणं खुंटेल, ही भीती अनाठायी आहे.

शेवटचा मुद्दा भाषेचा, आणि तो आपल्याखेरीज कुणी मांडणार नाही. वर सांगितलेल्या अभ्यासांतले बहुतेक शब्द इंग्रजी होते. बाळाचा मेंदू पहिल्या वर्षातच घरच्या भाषेला बांधला जातो. कॅनडात जॅनेट वर्कर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला 'त' आणि 'ट' वेगळा ऐकू येतो आणि वर्षाच्या आत तो फरक हरवतो. आपल्या मुलांना तो फरक जन्मभर लागतो. मग मराठी मुलाला कोणते आवाज, कोणते शब्द ऐकवायचे? खामगावात हे आणखी अवघड. घरी आजी 'केय' म्हणते, अंगणवाडीत 'केळं', बाजारात 'केला', इंग्रजी शाळेत 'बनाना'. घरोघरी 'डोया' आणि 'पानी', पुस्तकात 'डोळा' आणि 'पाणी'. पुण्याच्या उच्चारात ध्वनिमुद्रित केलेला 'केळं' हा शब्द ऐकवून लहर उठली नाही, तर मुलाला शब्द कळला नाही की तो शब्द त्याच्या घरचा नव्हता? जी चूक यंत्राची, तीच साध्या चाचणीचीही होते. वऱ्हाडी घरातल्या मुलाला प्रमाण मराठीत विचारून 'आकलन कमी' असा शेरा मारणं अन्यायाचं आहे. आणि "घरात एकच भाषा बोला, तीही इंग्रजी" हा सल्ला तर त्याहून वाईट. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांची भाषा आणखी मागे पडत नाही, हे कॅनडातल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. ज्या आईला इंग्रजी अडखळत येतं तिचं लाडाचं बोलणं इंग्रजीत कसं होणार? आणि लाडाच्या बोलण्याला मुलांचा मेंदू किती वेगवेगळ्या तऱ्हेने प्रतिसाद देतो, हे तर कूर्शेन यांच्या गटाने २०२२ मध्ये पुन्हा दाखवून दिलं आहे.

घरच्या बोलीतल्या शब्दांवर अशा नोंदी घेण्याचं काम अशक्य कोटीतलं नाही. मॅक्वायरीच्या गटाने संशोधनाच्या महागड्या यंत्राबरोबर संगणकीय खेळांसाठी बनवलेली स्वस्त बिनतारी टोपीही वापरून पाहिली होती. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवणाचं काम करते आहे. विदर्भातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत मेंदू आणि कान या दोन्हींचे विभाग आहेत. खामगाव, शेगाव, मेहकरच्या घरांत दोन वर्षांची मुलं कोणते शब्द ऐकतात याची पन्नास-साठ शब्दांची यादी, त्या शब्दांची चित्रं, आणि ध्वनिमुद्रण त्याच भागातल्या बायांच्या आवाजात, एवढं लागेल: बाय, भाकर, पानी, केय, गाय, मोटार. सुरुवात स्वमग्न नसलेल्या मुलांपासून करावी लागेल, कारण वऱ्हाडी मुलाच्या मेंदूत 'केय' हा शब्द नेहमी कसा उमटतो, ते आधी माहीत व्हायला हवं.